पंधरा दिवस म्हणजे कोणते पंधरा?

माझ्या केंद्रात दिवसभरात सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न एकच. "दाखलो कधी मेळतलो?"

मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावात, बाजारपेठेच्या रस्त्यावर माझं आपले सरकार सेवा केंद्र आहे. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, दोन बाकडी आणि भिंतीवर कालनिर्णय. उत्पन्नाचा दाखला, वय-अधिवास, नॉन-क्रिमीलेअर, सातबारा, कधी पॅनकार्ड, कधी रेल्वेचं तिकीट. अर्ज चढवला, फी भरली की पावती छापून येते. माणूस ती घडी करून खिशात घालतो, बाई असेल तर पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवते, आणि उठता उठता हा प्रश्न येतो. मुदत असते, पण ती दिवसांत असते. विचारणाऱ्याला तारीख हवी असते. त्या दिवशीची मजुरी सोडून, बाग नाहीतर होडी कुणाच्या तरी भरवशावर टाकून, एसटी पकडून त्याला यायचं असतं.

बरीच वर्षं मी "पंधरा दिवसांनी या" असं सांगून पुढच्या माणसाचे कागद हातात घेत होतो. गेल्या वर्षी, 2025 च्या ऑगस्टमध्ये, आमच्याच घरची फाईल मुंबईला गेली आणि मी बाकड्याच्या त्या बाजूला जाऊन बसलो.

बाबा राज्य सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. पावसाच्या सुरुवातीला ते गेले. आईच्या नावानं कुटुंब निवृत्तिवेतन सुरू व्हायचं होतं. कागद जमवण्यात महिना गेला आणि 11 ऑगस्टला, सोमवारी, फाईल मुंबईतल्या एका कार्यालयात पोचती झाली. फोनवर सांगण्यात आलं, "पंधरा कामकाजाचे दिवस." आईला सांगताना मी 'कामकाजाचे' हा शब्द गाळला. मुद्दाम नव्हे. रोज दहा जणांना सांगताना तो गाळायची सवयच जिभेला लागली होती.

आईनं पेरांवर मोजलं. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवायचा आणि एकेक पेर वर सरकायचं. एका बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. एक हात संपला, पुन्हा करंगळीवर तीन. "पंचवीस तारीख," ती म्हणाली. "चवथीच्या दोन दिस आधी." तिच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा थोडा मोकळेपणा दिसला. मूर्तीचे पैसे, माटवीचं (गणपतीच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवून टांगायच्या चौकटीचं) सामान, भजनाला येणाऱ्यांची उसळ, हे सगळं तिनं त्या पंचवीस तारखेवर टांगून ठेवलं.

तिनं अकरा तारीखही धरली होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं. आपल्याकडे तसंच मोजतात. मूल जन्मलं तो पहिला दिवस, मग बाराव्या दिवशी बारसं. माणूस गेला तो पहिला दिवस, मग तेरावं. बाबांचं तेरावं नुकतंच असंच मोजून झालं होतं, त्यामुळे तिची बोटं त्याच रीतीनं चालली. कायद्याची रीत वेगळी. 1897 च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात, म्हणजे जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये, कलम 9 आहे. 'अमुक तारखेपासून' असं म्हटलं की ती तारीख सोडायची आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायला सुरुवात करायची. आणि मी ज्यावर रोज हिशेब करतो त्या एक्सेलमधलं 'नेटवर्कडेज' हे सूत्र पहिला आणि शेवटचा, दोन्ही दिवस धरतं, म्हणजे ते आईच्या रीतीनं चालतं. एकाच पंधरवड्याच्या मोजणीत इथेच एका दिवसाचा फरक पडतो, आणि अजून सुट्ट्यांना हातही लावलेला नाही.

त्या रात्री मी केंद्रातलं कालनिर्णय काढून घरी आणलं आणि पेन्सिल घेऊन बसलो. (हे कॅलेंडर 1973 साली सुरू करणारे जयंतराव साळगावकर आमच्या मालवणचेच, म्हणून आमच्या भागात त्याच्यावर जरा जास्तच माया आहे.) 12, 13, 14 ऑगस्ट असे तीन दिवस झाले. 15 ला स्वातंत्र्यदिन, शुक्रवार. त्याच दिवशी पारशी नववर्षही आलेलं, म्हणजे यादीतल्या दोन सुट्ट्या एका चौकोनात. 16 आणि 17 शनिवार-रविवार. 18 ते 22 पाच दिवस, एकूण आठ. 25 आणि 26 धरून दहा. आईचा पंधरावा दिवस जिथे संपला होता तिथे कार्यालयाचा नववा चालू होता. 27 ला गणेश चतुर्थी. 28, 29 मिळून बारा. पुन्हा शनिवार-रविवार. 1, 2, 3 सप्टेंबर. पंधरावा दिवस बुधवार, 3 सप्टेंबर. गौरीच्या दिवसांत एखादी स्थानिक सुट्टी पडली तर चार.

मी आईला सांगितलं, "तीन तारीख धर." ती काही बोलली नाही. माटवीला बांधायचे कवंडळ आणि हरणाची फुलं आणायला ती त्या वर्षी शेजारच्या मुलांना घेऊन स्वतः डोंगरात गेली. नारळ, सुपारीचा शिपटा आणि आंब्याचे टाळे घरचेच होते. मूर्तिकारानं पैशांचं नंतर बघू म्हटलं.

सुट्ट्यांचा हा विषय तेव्हापासून मी जरा मुळाशी जाऊन बघितला. आपल्या देशाच्या म्हणाव्यात अशा राष्ट्रीय सुट्ट्या तीनच: 26 जानेवारी, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. बाकीच्या सगळ्या राज्यागणिक बदलतात. आमची 19 फेब्रुवारीची शिवजयंती बंगळूरच्या ऑफिसला ठाऊक नसते आणि त्यांचा 1 नोव्हेंबरचा राज्योत्सव आपल्याला. एखाद्या कंपनीचं कागद तपासायचं काम बंगळुरात होत असेल तर आपण इथे कितीही लाल चौकोन मोजले तरी ते चुकीचेच.

राज्याची यादी दर वर्षी सामान्य प्रशासन विभाग काढतो, आणि ती निघते 1881 च्या परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम 25 खाली. हा कायदा हुंड्या, वचनचिठ्ठ्या आणि धनादेशांचा. दिवाळी आणि ईद, गुड फ्रायडे आणि बुद्धपौर्णिमा, सगळ्यांची सुट्टी हुंडीच्या कायद्यातून यावी याचं मला आधी नवल वाटलं. कलम वाचल्यावर कारण कळलं. पैसे देण्याचा दिवस सुट्टीवर पडला तर काय, हा प्रश्न व्यापाऱ्यांना सोडवणं भाग होतं, म्हणून 'सार्वजनिक सुट्टी' म्हणजे काय हे तिथे लिहावं लागलं. आणि त्याचं उत्तर मोठं विचार करायला लावणारं आहे. हुंडीची मुदत सुट्टीच्या दिवशी भरत असेल तर ती आदल्या कामकाजाच्या दिवशी भरली असं धरायचं. म्हणजे देणेकऱ्यानं एक दिवस आधीच पैसे तयार ठेवायचे. घेणेकऱ्याला सुट्टीचा त्रास होऊ द्यायचा नाही.

याच्या उलट जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम 10. एखादी गोष्ट ठरावीक दिवसापर्यंत कोर्टात किंवा कार्यालयात करायची आहे आणि त्या दिवशी ते बंद आहे, तर पुढच्या उघड्या दिवशी केली तरी ती वेळेत झाली. हे कलम मला फार माणुसकीचं वाटतं. दार तुम्ही बंद केलंत, तर उशीर बाहेर उभ्या असलेल्याचा नाही, एवढं ते सरळ सांगतं. माझी खंत अशी की ऑनलाइन अर्जांना हे कलम कुणी शिकवलेलं दिसत नाही. शेवटची तारीख रविवारी आली तर खिडकी रविवारी रात्री बारालाच बंद होते. शनिवार-रविवारी तहसील बंद, म्हणून दाखला हातात नाही, आणि दाखल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. दोन वर्षांपूर्वी एका कोळ्याची मुलगी रविवारी रात्री साडेअकराला माझ्या केंद्रात बसून रडली होती. दाखला तयार होता, सही सोमवारी होणार होती. तिला मी काय समजावणार होतो?

शनिवारचं एक वेगळंच. 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा झाला. बँकांना 1 सप्टेंबर 2015 पासून दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी, पहिला-तिसरा पूर्ण दिवस काम. टपाल कार्यालय शनिवारी उघडं. एकाच बाजारपेठेत, शंभर पावलांच्या आत, शनिवार तीन प्रकारचा. वरून 1 एप्रिलला फक्त बँका हिशेबासाठी बंद. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अधिकारात वर्षाला तीन स्थानिक सुट्ट्या, त्या जिल्ह्याबाहेर कुणाला माहीत असण्याचं कारण नाही. वाडीवरून उतरून आलेल्या म्हाताऱ्या माणसानं हे सगळं डोक्यात ठेवून घरातून निघावं अशी आपली अपेक्षा असते.

उलट, ज्या दिवशी देश सुट्टी घेतो त्या दिवशी आमचं गाव कामाला असतं. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखा. झेंडावंदन झालं की शाळेच्या पडवीत खुर्च्या लागतात, नळपाण्यावरून आवाज चढतात. ग्रामसेवकाच्या कॅलेंडरात ते चौकोन लाल असले तरी दिवस त्याचा सगळ्यात मोठा कामाचा. 1 मेला तर बागायतदाराला मान वर करायला फुरसत नसते, झाडावरचा हापूस महाराष्ट्र दिनाकरता थांबत नाही. आणि समुद्राचं कामकाज त्याच्याच हिशेबानं चालतं. 1 जून ते 31 जुलै, एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. त्या एकसष्ट दिवसांत एकही रविवार वगळला जात नाही, की पाच दिवसांचा आठवडा लागत नाही. घरात चूल पेटवणाऱ्यांना ते सलग एकसष्टच मोजावे लागतात.

आता परत आमच्या फाईलकडे येतो.

3 सप्टेंबर गेला. 4 ला मी फोन केला, "टेबलावर आहे" असं उत्तर मिळालं. त्या वर्षी ईद-ए-मिलादची सुट्टी 5 सप्टेंबरला, शुक्रवारी होती आणि 6 ला अनंत चतुर्दशी. विसर्जनाच्या गर्दीमुळे मुंबईतला ईदचा जुलूस 8 तारखेला काढायचं समाजानं ठरवलं, आणि सरकारनं ऐन वेळी परिपत्रक काढून मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या दोन जिल्ह्यांपुरती सुट्टी 5 वरून 8 ला नेली. बाकीच्या महाराष्ट्रात ती 5 लाच राहिली. निर्णय शहाणपणाचा होता. दोन्ही समाजांनी एकमेकांचा विचार केला ही आनंदाची गोष्ट, आणि त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. पण आमच्या फाईलचं काय झालं ते बघा.

5 तारखेला मुंबईचं कार्यालय उघडं होतं. त्या दिवशी दुपारी शंका निघाली. एका कागदावर आईच्या नावापुढे 'बाई' लावलेलं, दुसऱ्यावर नाही. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं इथल्या कार्यालयाचं पत्र हवं. मेल मला तीन वाजून दहा मिनिटांनी आला. आमच्याकडे त्या दिवशी ईदची सुट्टी. 6 शनिवार, 7 रविवार. 8 ला, सोमवारी, सकाळी दहाच्या ठोक्याला मी कार्यालयाच्या पायरीवर. तिथल्या बाईंनी तासाभरात पत्र करून दिलं, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. अकराला पत्र मेल केलं. आणि मुंबईचं कार्यालय त्या दिवशी बंद. 4 तारखेच्या गुरुवारनंतर ही दोन कार्यालयं एकाच वेळी उघडी असण्याचा पहिला दिवस उजाडला तो मंगळवारी, 9 ला.

9 ला फोन केला. पत्र मिळालं होतं. पलीकडचा आवाज शांतपणे म्हणाला, "आता पूर्तता झाल्यापासून पंधरा कामकाजाचे दिवस."

आधीचे पंधरा गेले कुठे, असं मी विचारलं. शंका निघाली की मुदत नव्यानं सुरू होते, असं उत्तर मिळालं. ती शंका पहिल्या दिवशीही दिसू शकली असती. नाव पहिल्याच पानावर होतं. पंधरा दिवस संपून गेल्यावर ते पान कुणी उलटलं असेल तर त्या पंधरा दिवसांना कामकाजाचे म्हणायचं कसं? हे मी फोनवर बोललो नाही. फाईल त्यांच्या टेबलावर होती आणि आई माझ्या शेजारी उभी होती.

फोन ठेवल्यावर तिला सगळं समजावलं. शनिवार, रविवार, इथली सुट्टी, तिथली सुट्टी, पहिला दिवस धरायचा नाही, सगळं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "दिस म्हणजे दिस. सुटीच्या दिसाक भूक लागणा नाय काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

याचा अर्थ सुट्ट्या कमी करा असं मला म्हणायचं नाही. माझे आजोबा लालबागच्या गिरणीत साच्यावर होते. रविवार या शब्दाला त्यांच्या तोंडी केवढं वजन असायचं, ते मी ऐकलेलं आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची संघटना उभी केली, मालकांकडे वर्षानुवर्षं मागणी लावून धरली, तेव्हा कुठे 10 जून 1890 ला आठवड्याची ती एक सुट्टी पदरात पडली. आमच्या किनाऱ्यावरची किती घरं त्या गिरण्यांवर उभी राहिली! चाकरमान्याला सुट्टी मिळाली म्हणून तो गणपतीला घरी येतो. फाईल तपासणाऱ्या बाईंनाही गौरी असतात, त्यांच्याही घरी कुणीतरी वाट बघत असतं. सुट्टी त्यांच्या हक्काचीच आहे.

मला एवढंच म्हणायचं आहे की मोजण्याचं काम ज्यानं दार लावलं त्यानं करावं. ज्या कार्यालयाला आपल्या सुट्ट्या पाठ आहेत, त्यानं 'पंधरा कामकाजाचे दिवस' असं न लिहिता तारीख आणि वार लिहावा. कॉम्प्युटरला सुट्ट्यांची यादी दिली तर एका ओळीच्या सूत्रात ती तारीख निघते. मी सेवा केंद्रात बसून काढू शकतो, तर त्यांना अवघड असायचं कारण नाही. आणि शंका काढायची तर मुदतीच्या पहिल्या आठवड्यात काढावी.

माझ्यापुरतं मी सुरू केलं आहे. एका शीटमध्ये सुट्ट्यांचे तीन रकाने केलेत: आपल्या जिल्ह्याच्या, मुंबईच्या आणि बँकांच्या. परिपत्रक आलं की त्याच दिवशी बदल करतो. अर्ज कुठे जाणार ते आधी विचारतो, आणि पावतीच्या मागच्या बाजूला निळ्या पेनानं मोठ्या अक्षरात लिहितो, 'मंगळवार, 16 तारीख. त्याआधी येऊ नका.' पुढे माझा फोन नंबर. निघण्याआधी फोन करा, असंही सांगतो. पहिल्या महिन्यात एक तात्या ती पावती उलटी धरून बराच वेळ बघत राहिले. "ह्या बरा केलंस," एवढंच म्हणाले आणि घडी न घालता, शाई वाळेपर्यंत हातात धरून बाहेर पडले.

आईचे पैसे 1 ऑक्टोबरला खात्यात आले. 9 सप्टेंबरपासून मोजलं तर पंधरावा कामकाजाचा दिवस 30 सप्टेंबर होता, म्हणजे दुसऱ्या खेपेला त्यांनी मुदत जवळजवळ पाळली, हेही सांगायला हवं. 2 ला गांधी जयंती आणि दसरा एकाच दिवशी आलेले, बँक बंद. 3 ला, शुक्रवारी, आई पासबुक घेऊन बँकेत गेली आणि येताना मूर्तिकाराकडे थांबून त्याचे पैसे चुकते करून आली.

परवा संध्याकाळी ती केंद्रात आली होती. यंदाचं, 2026 चं कॅलेंडर उलटत सप्टेंबरपर्यंत गेली. "चवथ सोमवारची," ती म्हणाली. 14 सप्टेंबर. आदले दोन दिवस शनिवार-रविवार. धाकटा भाऊ डोंबिवलीहून शुक्रवारी 11 ला सुटला तर त्याला तीन दिवस सलग मिळतात. मग रेल्वेचं विचारू लागली. आरक्षण आधी एकशेवीस दिवस खुलं व्हायचं, 1 नोव्हेंबर 2024 पासून ते साठ दिवसांवर आलंय, आणि त्यात प्रवासाचा दिवस धरत नाहीत, असं मी सांगितलं. सकाळी आठला खिडकी उघडते आणि गणपतीच्या गाड्या बघता बघता भरतात, हे तिला सांगायची गरज नव्हती.

मी कीबोर्डकडे हात नेला तर तिनं नको म्हणून खुणावलं. बाकड्यावर बसली, अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर ठेवला. अकरा सप्टेंबर सोडून दिला. दहापासून मागे मोजत आली. बारा पेरं झाली की डाव्या हाताचं एक बोट मिटायची. पाचवं बोट मिटलं तेव्हा तिनं वर बघितलं.

"तेरा जुलै. सोमवार आसा मा रे?"

मी कॅलेंडरचं पान उलटून बघितलं. सोमवारच होता. तिनं माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं आणि त्या चौकोनात, तारखेच्या खाली, '8' लिहिलं.